मी लावलेली जोड

"म्हणजे मैदान सोडायचं म्हणता?" मी डॉक्टरांना विचारलं आणि खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

"मी तसं काही म्हटलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी बसा तुम्ही."

मी बसलो नाही. केबिनमध्ये तीन खुर्च्या होत्या. एकीवर धोंडीराम, दुसरीवर त्याची बायको हौसावहिनी आणि तिसरी माझी. तिच्यावर मला सकाळपासून काटे टोचत होते.

"दोन डोस देऊन झाले," डॉक्टर धोंडीरामकडे बघून सांगू लागले. "गाठ कमी झाली नाही, वाढली आहे. आणखी एक औषध आहे. त्यानं महिना-दीड महिना मिळाला तर मिळेल, पण त्यातले बरेच दिवस इथं कॉटवर जातील. नाही घेतलं, तर दुखणं आटोक्यात ठेवायची औषधं मी देतो. घरी राहता येईल. दोन्हींत चूक काही नाही. ठरवायचं तुम्ही."

"घरी," धोंडीराम म्हणाला.

त्याची अर्धी जीभ दिवाळीत काढली होती. शब्द जाड होऊन बाहेर पडायचे. परक्याला नुसतं गुरगुरल्यासारखं वाटायचं, पण मला आणि वहिनींना सगळं कळायचं. हा धोंडीराम खोत म्हणजे आमच्या हसूरवाडीच्या तालमीचा वस्ताद. ऐन उमेदीत एकशे आठ किलो वजनाचा पैलवान. त्या सकाळी हॉस्पिटलच्या काट्यावर तो बासष्ट भरला होता.

"बरं, मग हे झालं कशानं तेवढं तरी सांगा," मी म्हणालो. "या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही. तालमीत कुणी तंबाखू खाल्लेली दिसली तर हा त्याला दोनशे बैठका मारायला लावायचा. आणि नेमका यालाच जिभेचा कॅन्सर?"

"जिभेचा कॅन्सर बहुतेकांना तंबाखूनंच होतो. मी रोज घसा फोडून तेच सांगतो," डॉक्टर म्हणाले. "पण थोडे लोक असेही येतात. शरीरातली एखादी पेशी वाढताना कुठंतरी चुकते आणि ती चूक वाढत जाते. बाहेरून काही येत नाही, आपल्याच अंगातलं असतं ते. यांच्या हातून काय चुकलं असं विचाराल तर काहीच नाही."

हे मला पटेना. पटणार कसं? सकाळ-संध्याकाळ मी दूध संस्थेत लोकांचं दूध मोजून घ्यायचो ते पोटासाठी. माझा खरा धंदा कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचा. लोक मला सर्जेराव मगदूम म्हणून कमी आणि निवेदक म्हणून जास्त ओळखायचे. पस्तीस वर्षं मी एकच काम केलं होतं. कोण पडला ते लोकांना दिसतंच, का पडला ते मी सांगायचो. पाय मागे घ्यायला उशीर केला, मान सैल सोडली, समोरच्याचा पट काढताना डोकं खाली गेलं. कारण नाही असं पडणं मी कधी सांगितलंच नव्हतं.

बाहेर येऊन जीपपाशी थांबलो. वहिनी औषधं आणायला खिडकीवर गेल्या. धोंडीराम जीपच्या पायरीवर टेकला आणि मी त्याच्यापुढं येरझाऱ्या घालायला लागलो.

"घरी म्हणजे काय रे? परवा आपल्या गावचं मैदान हाय. केरबा पाटलानं तुझा सत्कार ठेवलाय. चांदीचा पत्रा मारलेली गदा आणलीय. गावभर फलक लागल्यात, लढवय्या वस्ताद म्हणून. आणि तू दोन दिवस आधी सांगणार, मी औषध बंद केलं?"

"फलक मी लावलं काय?"

"न्हाई. पण गाव काय म्हणंल?"

"गावाला कुणी सांगितलं मी लढतोय म्हणून?"

मी थांबलो. सांगितलं होतं मीच. माघात शेजारच्या गावी मैदान होतं. धोंडीरामच्या मानेत पुन्हा गाठ आल्याचं आदल्या आठवड्यात कळलं होतं. पुढचे डोस घ्यायचे की नाही, त्याचं ठरत नव्हतं. आणि मी दहा हजार लोकांसमोर माईक हातात घेऊन गर्जलो होतो, "मंडळी, आपला खोत वस्ताद आज कॅन्सरशी कुस्ती धरून उभा हाय! घिस्सा डाव मारून त्याची पाठ लाल मातीला लावल्याशिवाय हा वाघ मैदान सोडणार न्हाई!" हलगी कडाडली. लोकांनी फेटे उडवले. मला स्वतःचंच बोलणं इतकं आवडलं की घरी जाताना मी ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून धोंडीरामच्या दारात रीघ लागली. जो येई तो म्हणे, वस्ताद, सोडायचं न्हाई. आठवड्याभरात तो डोस घ्यायला तयार झाला. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं त्याला बळ आलं.

"सर्ज्या," पायरीवरून तो म्हणाला, "जोड लावताना काय बघत्यात?"

"वजन बघत्यात. वय, ताकद बघत्यात." दोन पैलवान एकमेकांसमोर ठरवायचे, त्याला आम्ही जोड लावणं म्हणतो. हे मला विचारायचं कारण नव्हतं.

"आणि पैलवानाला इचारत्यात का न्हाई?"

"इचारत्यात की."

"माझी जोड लावताना इचारलंवतंस?"

मी रस्त्याकडं बघायला लागलो.

"डाक्टर काय म्हणाले ऐकलंस न्हवं? माझंच मांस हाय ते. सवताशी कोण कुस्ती धरतंय? मला ओकाऱ्या व्हायच्या, तवा मनात काय यायचं ठावं हाय? औषध बंद करा म्हणावं, तर सर्ज्या माईकवर तोंडघशी पडंल. दोन म्हैने तुझ्या शब्दापायी ओकलोय मी."

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं त्याचे पाय धरले असते. मला राग आला. रागाचं मूळ मला आज कळतं, तेव्हा कळलं नाही. माझ्या खिशात तंबाखूची पुडी होती. पस्तीस वर्षं होती. तालमीपासून मी आणि धोंडीराम एकत्र. मी पैलवान म्हणून कच्चा निघालो आणि बोलण्यात पक्का. तंबाखूही तेव्हाच लागली. त्यानं माझ्या किती पुड्या हिसकावून उसात फेकल्या असतील त्याची गणती नाही. माझी पुडी दिसली की त्याचा हात पुढं यायचा, मी निमूट द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी नवी घ्यायचो. आणि आता त्याची जीभ गेली होती आणि माझी खणखणीत होती. हा रोग ज्या कारणानं होतो ते कारण माझ्या खिशात होतं. हे मला सहन होत नव्हतं.

म्हणून मी विचारलं, "धोंड्या, एक खरं सांग. आता आपण दोघंच हाय. कधी लपूनछपून खाल्लीवतीस काय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ओळख पटत नसल्यासारखं बघितलं.

वहिनी मागं येऊन उभ्या होत्या, ते मला कळलंच नव्हतं. "भावजी," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली मला या घरात येऊन. ह्यांच्या तोंडाचा वास मला ठावं हाय. गावातली माणसं पाठीमागं कुजबुजत्यात, त्येचं मला काय वाटत न्हाई. तुमी तोंडावर इचारलं."

अडचणीत सापडलो की माझा हात आपोआप खिशात जातो, तसा गेला. मी पुडी काढली, चुना लावला, मळायला लागलो. तीन पावलांवर धोंडीराम बसला होता. त्याचा हात पुढं आला नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि जीपमध्ये चढून बसला. कोल्हापूर ते हसूरवाडी, तासाभराच्या वाटेत तो बाहेरचा ऊसच बघत राहिला.

दुसरा दिवस माझा कसा गेला ते माझं मला माहीत. संस्थेत सकाळी दूध घ्यायला बसलो तर दोनदा माप चुकलं. रांगेतला प्रत्येक जण कॅन पुढं ठेवायचा आणि वस्तादाचं विचारायचा.

"येणार न्हवं उद्या वस्ताद?"

"येणार की."

"मर्दा, एवढा बदामाचा, तुपाचा खुराक खाल्लेला गडी. त्येला कसा झाला असंल?"

"फवारणीच्या भाज्या खातोय आपण. त्येनं हुतंय," मागचा म्हणाला.

"फवारणीच्या भाज्या सगळं गाव खातंय. खाल्ल्याशिवाय काय जिभेला हुतंय व्हय? खाल्ली असंल कवातरी."

"मनात लई ठेवायचा गा माणूस. आत कुढलं की असं हुतंय."

"करणी असंल. दुसऱ्या तालमीवाल्यांनी केली असंल."

ऐकता ऐकता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग लक्षात आलं, हे सगळे माझ्यासारखंच बोलताहेत. पाय कुठं चुकला ते सगळे शोधताहेत. तो पाय सापडला की आपला पाय तिथं टाकायचा नाही, म्हणजे आपण सुटलो. मी उठलो, बाहेर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसलो, पुन्हा उठलो.

रांग संपल्यावर वहिनी आल्या. हातात कॅन होता, पण दूध नेहमीपेक्षा निम्मं. कॅन ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"वहिनी, कालचं माझं..."

"ते ऱ्हाऊ द्या. ह्यांनी निरोप दिलाय. उद्या मैदानाला येत्यात. पोरांच्या कुस्त्या बघायच्यात त्यास्नी. पर गदा घेणार न्हाईत."

"केरबा पाटील ऐकणार न्हाई."

"केरबा पाटलाला तुमी सांगा. ते म्हणालेत, सर्ज्याला सांग, माईकवर माझं नाव घेऊ नको. घेतलंस तर जे हाय ते सांग." त्यांनी पदर खांद्यावर नीट ओढला. "भावजी, मला काय बोलाय येत न्हाई तुमच्यासारखं. काल घरी आल्यावर त्येंनी दोन घास मऊभात खाल्ला. दोन म्हैन्यांत पयल्यांदा ओकारी आली न्हाई. म्हशीजवळ जाऊन बसले. मला एवढंच पायजे. माणसं दारात येऊन सोडू नका, सोडू नका म्हणत्यात आणि हे परत गाडीत बसत्यात. आता त्यास्नी घरात मरू द्या. तुमच्याच तोंडचं गाव ऐकतंय."

एवढं बोलून त्या गेल्या. कॅन तिथंच राहिला.

चैत्रातलं आमचं मैदान दुपारी तीनला सुरू होतं. नदीच्या वरच्या अंगाला आखाडा, चारी बाजूंनी चढावर माणसं. मी सकाळपासून केरबा पाटलाच्या मागं होतो. केरबा मैदान कमिटीचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण ठरलेला कार्यक्रम बदलायचा म्हटलं की त्याला कापरं भरायचं.

"गदा घेणार न्हाई म्हणजे? आमदारांच्या हस्ते हाय!"

"त्याला नको हाय, केरबा."

"सर्जेराव, गेल्या वक्ताला शेजारच्या गावात कसा बोललास! मैदान पेटवलंस तू. तसंच बोल. दोन मिनिटं बोल, गदा देऊ, घरी सोडू."

पाच वाजता धोंडीराम आला. पुतण्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसून, मागं वहिनींनी धरलेलं. चढावरची माणसं उठून उभी राहिली. पंचांनी त्याला आखाड्याच्या कडेला खुर्ची दिली. तो खाली वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि बसला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. मी कुस्त्यांचं निवेदन करत होतो, पण काय बोललो ते मला आठवत नाही. एका पैलवानाचं नाव मी दुसऱ्याला दिलं, तेव्हा लोक हसले.

तेवढ्यात एक कुस्ती लागली. आमच्या तालमीचा एक गडी खाली सापडला, आणि त्याचा खांदा मागं वळला. लोक ओरडत होते, "निकाली! निकाली!" म्हणजे कुणाची तरी पाठ लागल्याशिवाय सोडवायचं नाही. धोंडीराम खुर्चीवरून उठला. पंच असताना तो नेहमी हेच करायचा. पोरगं मोडतंय असं दिसलं की आत जाऊन दोघांना सोडवायचा. एकदा त्यासाठी त्यानं लोकांच्या शिव्या आणि मातीची ढेकळं खाल्ली होती, तरी हटला नव्हता. आता त्याला आखाड्यात उतरता येत नव्हतं. त्यानं कडेवरूनच हात वर केला. पंचांनी तो हात बघितला आणि कुस्ती सोडवली.

मी ते बघितलं. दुसऱ्याच्या पोराला तो हात वर करून सोडवत होता. त्याच्यासाठी हात वर करणारं कुणीच नव्हतं. आणि जोड लावणारा तर मीच होतो.

"आता सत्कार," केरबा कानाशी म्हणाला. "घे नाव."

आमदार उठले. दोघांनी गदा उचलली. हलगीवाला टिपरू उगारून माझ्या तोंडाकडं बघत होता, शब्द पडला की वाजवायला. मी माईक घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, "माघात मी एक जोड जाहीर केलीवती. खोत वस्ताद आणि कॅन्सर. ती जोड वस्तादानं घेतलेली न्हवती. मी त्याला इचारलं न्हवतं. माईक हातात होता म्हणून मीच लावली."

केरबानं माझा सदरा मागून ओढला. मी दोन पावलं पुढं सरकलो.

"ती जोड मी आज मागं घेतो. वस्ताद आजारी हाय. लई आजारी. आजपासनं तो औषधाला जाणार न्हाई, घरी ऱ्हाणार हाय. तुमी भेटाय जावा. म्हशीचं इचारा, पोरांचं इचारा. पर सोडू नका म्हणून कुणी सांगू नका."

चढावरून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे वस्ताद हरलं काय, सर्जेराव?"

"हराय कुस्ती धराय लागती, बाबा. त्यानं न्हाई धरली. ताप आला तर आपण हरलो म्हणतोय काय?"

कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. एवढं मोठं मैदान, आणि नदीपलीकडच्या इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. मला थांबता आलं असतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"आणि आणखी एक. मला ठावं हाय तुमी काय बोलताय. खाल्ल्याशिवाय हुतंय व्हय, म्हणताय. परवा मीबी त्याला त्येच इचारलं. चाळीस वर्षांच्या दोस्ताला इचारलं. त्याचं उत्तर मला तवाच ठावं होतं. त्यानं खाल्ली न्हाई. मी खाल्ली." मी खिशातनं पुडी काढून वर धरली. "पस्तीस वर्षं मी खाल्ली, आणि झाला त्याला. पोरांनो, म्हणून खावा असं न्हाई. डाक्टर सांगतो, बहुतेकांना हिनंच हुतोय. पर ह्याला का झाला? आजवर इथं पडलेल्या हरेक गड्याचं कारण मी तुमास्नी सांगत आलोय. ह्येचं कारण मला ठावं न्हाई. डाक्टरलाबी न्हाई. तुमालाबी न्हाई."

माईक मी खाली ठेवला. हलगीवाल्याचं टिपरू अजून हवेतच होतं. त्यानं ते हळूच खाली घेतलं.

आमदार गदेजवळ अवघडून उभे होते. केरबाचं तोंड पडलं होतं. मी कुणाकडं न बघता कडेकडेनं धोंडीरामच्या खुर्चीपाशी गेलो आणि उकिडवा बसलो. वहिनी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

धोंडीराम आखाड्याकडंच बघत होता. मग त्यानं माझ्यासमोर तळहात पसरला.

मला आधी कळलंच नाही. पुडी माझ्या मुठीत तशीच होती. मी ती त्याच्या हातावर ठेवली. त्यानं हात मागं नेला, तालमीमागच्या उसाकडं फेकायचा तसा नेम धरला आणि फेकली. पूर्वी ती दुसऱ्या-तिसऱ्या सरीत जाऊन पडायची. त्या दिवशी ती त्याच्याच पायाशी पडली.

आम्ही दोघांनीही तिच्याकडं बघितलं. मग मी ती उचलली, उठलो, आणि त्याच्या वतीनं लांब फेकून दिली.

"आता बघ की कुस्त्या," तो म्हणाला. "लई बोललास."

तो पुढं सत्तर दिवस जगला, घरी, गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर. लोक यायचे, म्हशीचं विचारायचे. एखादा चुकून सोडू नका म्हणायचा, तर वहिनी त्याला चहा न देता वाटेला लावायच्या. तो गेल्यावर गावात फलक लागला, त्यावर काय लिहायचं ते केरबानं मला विचारलं. झुंज, लढा, असलं काही नको म्हणालो. नाव लिहा आणि वस्ताद लिहा. तेवढंच लिहिलं.

तंबाखू मी त्या दिवशी सोडली असं सांगायला बरं वाटलं असतं. पण नाही सोडली. त्याच्या तेराव्यानंतरही चार महिने खात होतो, आणि खाताना प्रत्येक वेळी समोर तळहात दिसायचा. मग सुटली. आज मी बहात्तर वर्षांचा आहे. दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घेतो. डॉक्टर टॉर्च मारून बघतात आणि म्हणतात, साफ आहे. परवा एकानं विचारलं, "सर्जेराव, एवढी वर्षं खाऊन तुम्ही टिकलात कशानं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.